तागडीची दोन पारडी : सिकलसेल, गोळी आणि बाळंतपण

मी तुमच्या बचत गटांची सहयोगिनी बोलते आहे. एरवी मी तुमच्याशी कर्ज, हप्ते आणि बँकेच्या कागदांबद्दल बोलते. आजही हिशेबच मांडायचा आहे, पण तो पैशांचा नाही.

मागच्या महिन्यात एका गटाची बैठक संपली, सतरंजी गुंडाळून झाली आणि एक सून मागे थांबली. वय २४. लग्नाला दोन वर्षं झालेली. ती सिकलसेल ग्रस्त आहे, म्हणजे नुसती वाहक नाही, तिला पूर्ण आजार आहे. तीन वर्षांपासून ती हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल घेते. आपण सगळ्या तिला गोळीच म्हणतो. गोळी सुरू झाल्यापासून तिचं अंग दुखून दवाखान्यात पडणं बरंच कमी झालं. आता घरात मुलाची वाट पाहताहेत. ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, गोळी बंद करू की चालू ठेवू? चालू ठेवली तर लेकराला धोका, बंद केली तर मला धोका. सासूबाई म्हणतात, एकदाचं काय ते ठरव."

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. त्याचं कारण सांगताना मला लाज वाटते, तरी सांगते. दोन वर्षांपूर्वी असंच दुसरीनं विचारलं होतं. मी पटकन बोलून गेले, "अगं, मूल पाहिजे तर गोळी बंद कर, गरोदरपणात ती चालत नाही." तिनं दुसऱ्या दिवसापासून बंद केली. डॉक्टरांना सांगितलं नाही, मला सांगितलं तेवढं पुरे असं तिला वाटलं. दिवस राहायला आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत ती दोनदा भरती झाली, एकदा रक्त चढवावं लागलं. माझं वाक्य अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं मला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून मी मिळेल ते वाचत गेले, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारत गेले. वाचताना कळलं की हा प्रश्न आपल्या गावात पहिल्यांदा आलेला नाही. शंभर वर्षांपासून बायका तो विचारत आल्या आहेत आणि त्यांना मिळालेली उत्तरं दर काही वर्षांनी बदलत गेली आहेत. ती का बदलली, हेच आज सांगते.

विळ्यासारख्या पेशी

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या शिकागो शहरात. वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा तरुण तिथे दातांच्या डॉक्टरकीचं शिक्षण घ्यायला आला होता. त्याला वारंवार खोकला, ताप आणि अशक्तपणा यायचा. त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा गोल पेशींमध्ये विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्या. डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ते छापून प्रसिद्ध केलं. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून आजाराला नाव पडलं.

या पेशी ताठर असतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात. जिथे अडकतात तिथे रक्त पोचत नाही आणि जीव नकोसा करणारी कळ येते. शिवाय त्या लवकर फुटतात, म्हणून रक्त कायम कमी राहतं. हा आजार आईवडील दोघांकडून येतो. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळ ग्रस्त असण्याची शक्यता चारात एक असते.

भारतात हा आजार १९५२ मध्ये नीलगिरीच्या आदिवासींमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. म्हणजे आपल्या विदर्भाचं नाव या इतिहासात ६५ वर्षांहून अधिक काळ आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, मेळघाट आणि तिकडे नंदुरबार, या भागांत सिकलसेल हा शब्द माहीत नसलेलं गाव सापडणं कठीण.

आता एका बाईची गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये जॅनेट वॉटसन नावाच्या डॉक्टर होत्या. १९४८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी नुकत्याच जन्मलेल्या बाळांचं रक्त तपासलं. आजार घेऊन जन्मलेल्या बाळाच्या रक्तातही पहिले काही महिने वाकड्या पेशी फार कमी असतात, हे त्यांच्या लक्षात आलं. पोटात असताना बाळाच्या रक्तात वेगळ्या प्रकारचं हिमोग्लोबिन असतं आणि ते पेशींना वाकू देत नाही. बाळ मोठं होतं तसं ते कमी होतं आणि आजार डोकं वर काढतो. पुढे जी गोळी आली, ती याच गोष्टीवर काम करते. मोठ्या माणसाच्या रक्तात ते बाळपणीचं हिमोग्लोबिन ती पुन्हा वाढवते.

पहिलं उत्तर : मूल नकोच

सिकलसेल ग्रस्त बाईला दिवस राहिले की धोका वाढतो, हे डॉक्टरांना लवकरच कळलं. रक्त आणखी कमी होतं, कळा वाढतात, छातीत जंतुसंसर्ग होऊन श्वास कोंडतो, रक्तदाब चढतो, रक्ताच्या गाठी होतात. बाळ कमी वजनाचं किंवा वेळेआधी जन्मतं. जुन्या काळी अशा बाळंतपणात कित्येक बायका गेल्या.

मग १९७१ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या डॉक्टरांनी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या एका मोठ्या मासिकात लेख लिहिला. मथळ्यातच निकाल होता : जे पदरात पडतं त्यासाठी आईचा जीव धोक्यात घालणं योग्य नाही. मथळ्याच्या शेवटी उद्गारचिन्ह होतं. या बायकांनी गरोदर राहूच नये, नसबंदी करून घ्यावी, असा त्यांचा सल्ला होता.

ते डॉक्टर दुष्ट नव्हते. त्यांनी आपल्या वॉर्डात बायका मरताना पाहिल्या होत्या. पण त्यांच्यासमोर येणाऱ्या बायका बहुतेक काळ्या आणि गरीब होत्या. त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिण भागात गरीब काळ्या मुलींची नीट न सांगता नसबंदी केल्याची प्रकरणं कोर्टात जात होती. अशा दिवसांत 'मूल नकोच' हा सल्ला कोणत्या बाईच्या कानावर कसा पडला असेल, ते आपल्याला कळतं. 'ऑपरेशन करून टाका' हे वाक्य आपणही ऐकलेलं आहे.

त्या हिशेबात एक मोठी चूक होती. तागडीच्या एका पारड्यात त्यांनी आजार ठेवला, पण दुसरं पारडं रिकामंच सोडलं. त्यात चांगली देखभाल ठेवली असती तर काय झालं असतं? बाईची नोंद पहिल्या महिन्यापासून झाली, रक्त तपासत राहिलं, ताप आल्या दिवशी उपचार मिळाले, तर किती जणी वाचतील?

याचं उत्तर मोजूनच मिळणार होतं. अमेरिकेतल्या अनेक दवाखान्यांनी मिळून १९७९ पासून अशा गरोदर बायकांची नोंद ठेवली. चारशेहून अधिक बाळंतपणांचा हिशेब १९९६ मध्ये छापून आला. त्रास होता, लहान वजनाची बाळं होती. पण देखभालीखाली असलेल्या बायकांमध्ये मृत्यू अगदी मोजके होते. मूल होऊ देऊ नका असं सरसकट सांगण्याचं कारण उरलं नाही. आजार तोच होता, देखभाल बदलली होती.

बायकांना चाचणीतूनच वगळलं

आता औषधाकडे वळू. त्याआधी एका दुसऱ्या औषधाची गोष्ट सांगावी लागेल. त्याचा सिकलसेलशी संबंध नाही, पण त्याची सावली आजही आपल्या गोळीच्या डबीवर आहे.

१९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं झोपेचं औषध विक्रीला आलं. गरोदरपणातल्या मळमळीवरही बायका ते घेऊ लागल्या. मग हात-पाय न वाढलेली बाळं जन्मू लागली. १९६१ च्या शेवटी ते औषध तिथल्या बाजारातून काढलं, तोवर जगभरात सुमारे दहा हजार बाळांचं नुकसान झालं होतं. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या सरकारी अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा आहे म्हणून परवानगी अडवून धरली. कंपनीनं दबाव आणला, त्या हलल्या नाहीत.

यातून जगानं धडा घेतला : गरोदर बाईला औषध देताना दहादा विचार करा. हा धडा चांगलाच. पण त्याचं दुसरं टोकही गाठलं गेलं. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानं सूचना काढली की मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नये. ती १९९३ मध्ये मागे घेतली. सोळा वर्षं बायकांना जपण्यासाठी दाराबाहेर ठेवलं, आणि औषध बाजारात आल्यावर त्याच बायका ते घेऊ लागल्या. मग बायकांच्या अंगात औषध कसं वागतं याची माहिती येणार कुठून?

गोळी आली

हायड्रॉक्सीयुरिया हा पदार्थ जर्मनीत १८६९ मध्ये पहिल्यांदा तयार झाला. जवळजवळ शंभर वर्षांनी तो कर्करोगावर वापरात आला. पेशींची वाढ रोखण्याचा त्याचा गुण. १९८४ च्या सुमारास तो सिकलसेलच्या काही रुग्णांना देऊन पाहिला, तेव्हा बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढलेलं दिसलं.

मग मोठी चाचणी झाली. अमेरिका आणि कॅनडातले २९९ प्रौढ रुग्ण, बायका आणि पुरुष दोन्ही. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. जानेवारी १९९५ मध्ये ती चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवली, कारण फरक उघड दिसत होता. गोळी घेणाऱ्यांचे वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले होते. १९९८ मध्ये अमेरिकेत प्रौढ सिकलसेल रुग्णांसाठी तिला परवानगी मिळाली.

पण त्या चाचणीत गरोदर बाईला घेतलं नव्हतं. भाग घेणाऱ्यांनी पाळणा लांबवण्याचं साधन वापरायचं अशी अट होती. कारण योग्यच होतं : प्राण्यांना मोठ्या मात्रेत हे औषध दिल्यावर त्यांच्या पिल्लांत व्यंग दिसलं होतं. जे औषध पेशींची वाढ रोखतं, ते वाढत्या गर्भाला दुखवू शकतं ही भीती साधी समजण्यासारखी आहे.

तरी माणसं माणसंच असतात. अट असूनही काही जणींना दिवस राहिले. काही पुरुष गोळी घेत असताना त्यांच्या बायकांना दिवस राहिले. या सगळ्या रुग्णांचा पुढे कित्येक वर्षं मागोवा घेतला आणि २००९ मध्ये त्या बाळांचा हिशेब प्रसिद्ध झाला. जिवंत जन्मलेल्या बाळांमध्ये गोळीमुळे व्यंग आल्याचं दिसलं नाही. पण संख्या लहान होती. मूठभर दाण्यांवरून सगळ्या पोत्याचा भाव ठरवता येत नाही. पुढच्या काही पाहण्यांत गरोदरपणात गोळी चालू राहिलेल्या बायकांचे गर्भपात जास्त झाल्याचंही दिसलं. म्हणून डॉक्टर सावधच राहिले.

ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं २०११ मध्ये या आजारासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही आपल्या कामाच्या आहेत. पहिली, मूल हवं असेल तर ही गोळी दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधी थांबवावी. दुसरी, गोळी चालू असतानाच दिवस राहिले तर गोळी थांबवून बाळाची बारकाईनं सोनोग्राफी करावी. तिसरी, केवळ गोळी पोटात गेली एवढ्याच कारणावरून गर्भपात करण्याची गरज नाही.

ही तिसरी गोष्ट पुन्हा सांगते, कारण घाबरून गर्भपाताच्या गोळ्या आणणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. हायड्रॉक्सीयुरिया चालू असताना पाळी चुकली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. घरी बसून निर्णय घ्यायचा नाही.

अक्रा शहरातले फुगे

आता दुसरं पारडं. गोळी थांबवली की बाळ सुरक्षित, पण आईचं काय? तिची ढाल काढून घेतली, मग तिथे काय ठेवायचं?

याचं सगळ्यांत चांगलं उत्तर मला आफ्रिकेतल्या घाना देशाच्या अक्रा शहरात सापडलं. तिथल्या कोर्ले बू रुग्णालयात सिकलसेल ग्रस्त गरोदर बायका फार दगावत होत्या, शंभरामागे साधारण दहा. २०१५ मध्ये त्यांनी पद्धत बदलली. बाळंतपणाचे डॉक्टर, रक्ताचे डॉक्टर, फुप्फुसांचे डॉक्टर आणि परिचारिका एकत्र बसू लागल्या. बाईला ठरल्या दिवशी बोलवायचं, आली नाही तर विचारपूस करायची. बोटाला लावायच्या छोट्या यंत्रानं रक्तातला प्राणवायू तपासायचा. कळा घेऊन भरती झालेल्या बाईकडून श्वासाचा व्यायाम करून घ्यायचा, त्यासाठी फुगे फुगवायला द्यायचे. छातीत संसर्ग होऊ नये म्हणून हे साधं काम.

मृत्यू शंभरामागे दहावरून एकावर आले. २०१७ मध्ये हा हिशेब जगासमोर आला. घाना काही श्रीमंत देश नाही. तिथे नवं महागडं औषध आलं नव्हतं. माणसं एकत्र आली, बाईवर लक्ष ठेवलं, आणि वेळेवर ठेवलं.

मी हे वाचलं तेव्हा मला आपला बचत गट आठवला. हप्ता चुकला तर आपण दुसऱ्या दिवशी तिच्या दारात उभ्या असतो. तपासणीची तारीख चुकली तर का नाही?

आपला हिशेब

मग त्या २४ वर्षांच्या सुनेला मी काय सांगितलं? "बंद कर" म्हणाले नाही, "चालू ठेव" असंही म्हणाले नाही. म्हणाले, "हे ठरवायच्या आधी आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ. तुझ्या नवऱ्यालाही घेऊ." आणि विचारायचे प्रश्न तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिले. तुम्हीही लिहून घ्या.

एक. माझा आजार किती तीव्र आहे? गेल्या वर्षी किती वेळा भरती झाले, किती वेळा रक्त चढवलं? ज्या बाईला गोळीआधी दर महिन्याला झटका यायचा आणि जिला वर्षातून एकदा यायचा, त्या दोघींचा हिशेब सारखा नाही.

दोन. गोळी कधी थांबवायची, आणि तोवर पाळणा लांबवायला काय वापरायचं? थांबवल्यावर दिवस राहायला उशीर झाला तर किती महिने वाट पाहायची आणि परत केव्हा यायचं? माझ्या त्या जुन्या चुकीत हाच प्रश्न राहून गेला होता.

तीन. गोळी थांबली असताना झटका आला तर काय करायचं? कोणत्या दवाखान्यात जायचं, तिथे रक्ताची सोय आहे का? फार तीव्र आजार असेल तर पहिले तीन महिने उलटल्यावर काही उपाय आहे का, हेही विचारा. काही वेळा तज्ज्ञ वेगळा विचार करतात.

चार. कोणती औषधं चालू ठेवायची? फॉलिक अॅसिडची गोळी सहसा चालू राहते. लोहाच्या गोळ्यांबद्दल मात्र आपला आजार सांगून विचारा. वारंवार रक्त चढवलेल्या बाईच्या अंगात लोह आधीच साठलेलं असू शकतं, म्हणून ते तपासून ठरवतात.

पाच. नवऱ्याची तपासणी झाली का? तो वाहक असेल तर बाळाचा हिशेब बदलतो. आणि तो स्वतः ही गोळी घेत असेल तर त्याच्या गोळीबद्दलही विचारायला हवं. धोका तोलण्याचं काम एकट्या बाईच्या डोक्यावर नको.

सरकारी बाजूही लक्षात ठेवा. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा असं तिचं ध्येय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सिकलसेलचा समावेश आहे. तपासणीचं कार्ड घरात पत्र्याच्या पेटीत ठेवू नका. बाळंतपणाच्या कार्डासोबत एकाच पिशवीत ठेवा, म्हणजे रात्री-अपरात्री जी सोबत जाईल तिच्या हाती ते लागेल.

आणि कोणी म्हणालीच, "ताई, मला मूल नको, मला माझा जीव महत्त्वाचा," तर तिचंही बरोबर आहे. १९७१ च्या सल्ल्यात वाईट होतं ते त्यांनी बाईला न विचारता ठरवलं हे. तसंच घरच्यांनी तिला न विचारता मूल ठरवणं हेही वाईटच. दत्तक घेणाऱ्या, भाच्याला लेक मानून वाढवणाऱ्या बायका आपल्या गटांतही आहेत.

त्या सुनेचा निर्णय अजून झालेला नाही. मागच्या सोमवारी आम्ही तिघं डॉक्टरांकडे जाऊन आलो. तिच्या नवऱ्याचं रक्त तपासायला दिलं आहे. गोळी अजून चालू आहे, कारण डॉक्टरांनी थांबवा म्हटलेलं नाही. सासूबाईंना मी सांगितलं, "आई, चार महिने थांबा, घाईत तोलमाप चुकतं." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "चार महिने म्हणजे एका पिकाएवढे. थांबतो."

दोन वर्षांपूर्वीची ती दुसरी बरी आहे. हे सगळं रेडिओवर सांगू का असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "सांगा, फक्त माझं नाव घेऊ नका." घेतलेलं नाही.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं एवढंच करावं. हजेरी झाली की विचारा : आपल्यापैकी किती जणींची आणि किती सुना-लेकींची सिकलसेल तपासणी झाली आहे? ज्यांची झाली नाही त्यांची नावं वहीत लिहा. मी महिन्याच्या शेवटी येईन तेव्हा हप्त्याच्या वहीआधी तीच वही मागणार आहे. नमस्कार.